पेन्सिक वॉरला तंबूत राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून आला की न्यू जर्सी, ओहायो, पिट्सबर्गकडच्या मराठी ग्रुपांवर पेन्सिक वॉर या मध्ययुगीन मेळाव्याबद्दल तेच तेच प्रश्न फिरायला लागतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. चिलखत, तलवारी, लढाया याबद्दल कुणीही तासभर बोलेल. राहायचं कसं हे मात्र नीट कुणी सांगत नाही, आणि पहिल्यांदा गेलेली माणसं तिसऱ्या दिवशी वैतागून घरी येतात ती लढाईमुळे नाही, झोप नीट न झाल्यामुळे. त्यामुळे इथे जास्त करून तंबू, अंथरूण, पाणी आणि पोट.

मुळात हे पेन्सिक वॉर आहे काय?

अमेरिकेत १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम नावाची संस्था आहे, सगळे एससीए म्हणतात. १७व्या शतकाच्या आधीचा काळ स्वतः करून बघायचा असा तिचा उद्योग. म्हणजे कपडे शिवायचे, जेवण रांधायचं, लोखंड ठोकायचं, नाचायचं आणि अर्थात लढायचं. या लोकांनी नकाशाचे तुकडे करून आपली काल्पनिक राज्यं पाडलीयत, आणि त्यातल्या ईस्ट आणि मिडल या दोन राज्यांची जी लढाई १९७२ साली सुरू झाली ती म्हणजे पेन्सिक. जुनी थट्टा अशी की हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं, म्हणजे जिंकणाऱ्याला ते नकोच.

जागा पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ, कूपर्स लेक कॅम्पग्राउंड, पिट्सबर्गच्या उत्तरेला साधारण तासाभराचा ड्राइव्ह. जुलै संपता संपता सुरू होतं ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दोन आठवड्यांहून थोडं जास्तच. दहा हजारांच्या आसपास माणसं येतात आणि जवळजवळ सगळी तिथेच तंबू ठोकून राहतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे झालं नव्हतं, २०२३ ला पन्नासावं झालं.

तिकीट काढून नुसतं बघायला जाता येतं का?

गेटवर पैसे भरून एखाद्या दिवसापुरतं जाता येतं, पण प्रेक्षक म्हणून बसायची सोय नाही, ही जत्रा नव्हे. आत पाऊल टाकलं की तुम्हीही त्यातलेच, निदान जुन्या वळणाचे कपडे घालायचा प्रयत्न तरी करायचा हा नियमच आहे. मला विचाराल तर एका दिवसात काहीच कळत नाही. दिवसा ऊन आणि धूळ दिसते, खरी मजा अंधार पडल्यावर, जेव्हा सगळीकडे कंदील लागतात, दुरून ढोल ऐकू येतात आणि कुणाच्याही कॅम्पबाहेर उभं राहिलं की आतून "या, बसा" येतं. दोन रात्री तरी राहा.

कपडे कुठून आणायचे? विकत घ्यायचे का?

पहिल्या वर्षी अजिबात नाही! घरात सुती कुर्ते, धोतर, साधी हातमागाची साडी असेल तर तुमचं निम्मं काम झालं. ऑगस्टमधल्या पेनसिल्व्हेनियाच्या दमट उकाड्यात लोकरीचा झगा घालून घामाघूम झालेला नॉर्मन सरदार तुमच्या सुती अंगरख्याकडे हेव्याने बघतो, हे मी स्वतः बघितलंय. गटात कुणीतरी जादाचे कपडे उसनेही देतं, विचारायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, नायलॉन-पॉलिएस्टर नको. अंगाला चिकटतं हे एक, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. जरीची पैठणी घेऊन जाऊ नका, धुराचा वास महिनाभर जात नाही. नऊवारी नेसणार असाल तर खुशाल नेसा, दिसते झकास, फक्त रात्री प्लास्टिकच्या त्या चिंचोळ्या संडासात तिचं काय करायचं याचा विचार घरूनच करून जा. कोल्हापुरी चप्पल चिखलात एका दिवसात फुगते. कातडी बूट नसतील तर साधे तपकिरी हायकिंग बूट घाला, कुणी काही म्हणत नाही.

मावळ्याचा पोशाख घालून जाऊ का? सोबत भगवा?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी रुसतं. महाराजांचा जन्म १६३० चा. एससीएचा काळ १६०० ला संपतो. त्यामुळे मावळे, गनिमी कावा, राज्याभिषेक सगळंच बाहेर. तुम्हाला गेटवर कुणी अडवणार नाही ही गोष्ट वेगळी, पण ज्या खेळात जातोय त्याची चौकट पाळावी असं आपलं माझं मत.

आणि खरं सांगायचं तर आधीच्या काळात आपल्याकडे काय कमी आहे? देवगिरीचे यादव, बहामनी, विजयनगर, अहमदनगरची निजामशाही. १५९५-९६ ला मोगलांपुढे अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी बसते. पैठणचे एकनाथ महाराज (१५३३ ते १५९९) अगदी काठावर बसतात. गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज होते, तिथला दुभाषा किंवा व्यापारी झालात तर युरोपियन मंडळींशी बोलायला विषयच विषय. अहमदनगरच्या दरबारात तयार झालेली 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही साधारण १५६५ ची सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, तिच्यातली चित्रं कुठे छापलेली मिळाली तर नीट बघा, बायकांच्या साड्या-चोळ्या कशा होत्या ते थेट दिसतं. टीव्ही सिरियलमधला पोशाख मात्र संदर्भ म्हणून धरू नका, प्लीज.

तंबू कुठला घ्यावा?

साधा नायलॉनचा डोम तंबू चालतो. हो, चालतो. कॉलेजातली मुलं, नवे लोक सगळे तेच आणतात. दिसायला खटकतो म्हणून वर सुती चादर किंवा रंगीत कापड टाकतात. पण त्याची खरी अडचण दिसण्याची नाहीच, सकाळी आठनंतर आत भट्टी होते. रात्री उशिरापर्यंत जागायचं आणि सकाळी आठला उकडून उठायचं असं चार दिवस केलं की माणूस चिडचिडा होतोच.

सुती कॅनव्हासची राहुटी घेतलीत तर आत सावली थंड राहते, उभं राहून साडी नेसता येते, कनाती वर गुंडाळल्या की वारा आरपार. तोटे तीन, महाग, जड आणि एकट्याने उभी करता येत नाही. नवीन कॅनव्हास आणला की घरामागे एकदा उभा करून पाइपने चांगला भिजवा आणि वाळू द्या, धागे फुगून बारीक भोकं बुजतात. हे न करता थेट नेला तर पहिल्या पावसात शिवणीतून गळणार. आणि दोरखंड, मेखा, खांब मोजून घ्या. मला एका ऑनलाइन दुकानाने तणाव्यांशिवायच तंबू पाठवला होता, घरी उघडून बघितला म्हणून कळलं.

मेखा तंबूबरोबर येतात त्या बारीक तारेच्या असतात, त्या तिथल्या जमिनीत वाकतात. हातभर लांब, जाड लोखंडी मेखा घ्या, मोठा हातोडा घ्या, आणि प्रत्येक मेखेला पांढरी चिंधी बांधा, नाहीतर रात्री शेजारचा तुमच्या तणाव्याला अडखळून पडणार आणि शिव्या तुम्हाला.

जागा कशी मिळते? आधी पोचेल त्याची का?

नाही. आधीच रजिस्ट्रेशन केलं असेल तर माणशी २५० चौरस फूट धरून गटाच्या नावावर जमीन मोजून मिळते. पहिल्या वीकेंडला गटांचे प्रतिनिधी जमून आपापसात हद्दी ठरवतात, त्याला लँड ग्रॅब म्हणतात, आणि त्यात भाऊबंदकीचे सगळे रंग बघायला मिळतात, दोन फुटांवरून वाद आणि संध्याकाळी एकाच टेबलावर जेवण.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, एकटे जाऊ नका, गट पकडा. वारीत दिंडीबरोबर गेलं की मुक्कामाची, जेवणाची, सामानाच्या गाडीची काळजी दिंडी घेते आणि आपण नुसतं चालायचं, तसंच आहे हे. तुमच्या गावात एससीएचा स्थानिक गट असेलच, त्यांच्या एखाद्या मीटिंगला जाऊन बसा, बहुतेक कॅम्पना कामाला हात हवेच असतात.

जागेच्या निवडीत दोनच गोष्टी बघा. सखल भाग नको, तिथे पाणी साचतं. आणि बॉग नावाचा जो भाग आहे तिथे रात्रभर पार्ट्या चालतात, लहान मुलं असतील तर लांब राहा. सेरेंगेटी म्हणतात ते मोकळं मैदान शांत आहे, पण झाड नाही आणि बाजारापासून पायपीट भरपूर. गाडी सामान उतरवायला आत नेता येते, नंतर पार्किंगला लावावी लागते, म्हणजे "विसरलं तर गाडीतून आणू" हे विसरा. हाताने ओढायची चार चाकी गाडी असेल तर सोन्याहून पिवळं.

पाऊस आला तर?

येणारच. प्रश्न किती वेळा एवढाच आहे. दुपारी आभाळ पश्चिमेकडून काळं होतं, वारा एकदम पडतो, आणि मग आवाज येतो तो आधी कापडाचा, शेकडो कनाती एकदम फडफडायला लागतात. त्या दोन मिनिटांत जो तो आपल्या तंबूकडे पळतो. एकदा आमच्या समोरच्या कॅम्पातला मोठा शामियाना उचलला जायला लागला तेव्हा चिलखतासकट चार जण, एक भटारी आणि अंगभर मेंदी काढलेली एक आजी असे सगळे खांबाला लटकून उभे होते, कोण कुठल्या राज्याचं हे कुणी विचारलं नाही. शामियाना वाचला, आतली पोळी-भाजी वाहून गेली.

करायचं एवढंच. कॅम्प सोडून कुठेही जाताना कनाती खाली सोडून बांधा, रोज सकाळी तणावे ताणून घ्या, अंथरूण जमिनीवर ठेवू नका, आणि एक जोड कोरडे कपडे झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून त्याला हात लावू नका. विजा चमकायला लागल्या तर लोखंडी खांब धरून शूरपणा करू नका, तंबू गेला तर गेला. आणि तंबूभोवती चर खणायचा असेल तर आधी विचारा, आपल्या मनाने जमीन उकरू नका.

झोपायचं कशावर? मध्ययुगात तर गवतावर झोपायचे ना?

झोपायचे, आणि कंबर त्यांचीही दुखत असणार. मी सरळ फोल्डिंग पलंग आणि वर जाड गादी नेते, आणि त्यावर आईने शिवलेली गोधडी. बाहेरून सगळं जुनं दिसतं, गोधडीखाली काय आहे हे बघायला कुणी येत नाही. पैसे कमी असतील तर तलवार पुढच्या वर्षी घ्या, गादी या वर्षी. दिवसा तिशीपार उकाडा असतो आणि पहाटे चक्क गारवा, त्यामुळे पांघरूण लागतंच. कानात घालायचे बोळे न्या, ढोल पहाटेपर्यंत वाजतात.

अंघोळ आणि संडास?

संडास प्लास्टिकचे, ठिकठिकाणी, रोज साफ होतात पण दुपारनंतर नाक धरून जावं लागतं. स्वतःचा टिश्यू रोल आणि पाण्याची बाटली न्या, आपल्या सवयी आपल्याला माहीत. अंघोळीची घरं आहेत पण सकाळी रांग असते. मोठे कॅम्प स्वतःची न्हाणीघरं बांधतात, कापडाच्या आडोशात, पाणी तापवून. आम्ही काळी पाण्याची पिशवी उन्हात टाकतो आणि संध्याकाळी बादली-तांब्याने अंघोळ करतो, अमेरिकन शेजाऱ्यांना ही तांब्याची आयडिया इतकी आवडली की आता त्यांच्याकडेही तांबे आहेत.

पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. चव सगळ्यांना आवडत नाही, लिंबू पिळा. उन्हात दिवसभर फिरताना मीठ-साखरेचं पाणी घ्या, तहान लागायची वाट बघू नका.

जेवणाचं काय? व्हेज मिळतं का?

खाण्याचे स्टॉल आहेत, बाजारात व्हेज मिळतं, पण रोज विकत खाल्लं तर खिशाला भोक पडतं. गॅसची शेगडी आणा, तंबूच्या आत मात्र कधीच पेटवू नका, कोळसाही नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. भाजणी, मेतकूट, तांदूळ-मुगाची खिचडी, भाजलेला रवा हे सगळं घरून कोरडं नेलं की निम्मी चिंता मिटते. आइसबॉक्समध्ये बर्फ रोज घालावा लागतो, कॅम्पग्राउंडच्या दुकानात मिळतो. दूध-दही वरच्या बाजूला, वितळलेल्या पाण्यात बुडालेलं पनीर खाऊ नका.

आता ज्यांना काळाला धरून रांधायचंय त्यांच्यासाठी वाईट बातमी. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. कोलंबस तिकडे पोचला १४९२ ला, पोर्तुगीज आपल्याकडे १४९८ ला, आणि ही पिकं त्यानंतर हळूहळू रुळली. म्हणजे आपली उपासाची साबुदाणा खिचडी घ्या, साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, सगळा माल तिकडचा! जुनं म्हणून उरतं काय तर तूप, जिरं आणि मीठ. हे मी शेकोटीभोवती सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी तोंड फिरवलं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत.

मग करायचं काय? तिखटाला मिरी, सुंठ, पिंपळी. आंबटाला चिंच, आमसूल. ज्वारीची भाकरी, वांगं, तीळ, गूळ, ताक, मूग, उडीद. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात खाण्यापिण्याचं भलंमोठं प्रकरण आहे, उडदाचे वडे दह्यात भिजवायची कृतीसुद्धा आहे. मिरी घातलेले दहीवडे केलेत तर रांग लागेल, आणि कुणाला हरकतही घेता येणार नाही.

शेकोटी करता येते?

येते. खड्ड्यात किंवा जमिनीपासून उचललेल्या लोखंडी शेगडीत, शेजारी पाण्याची बादली आणि एक्स्टिंग्विशर ठेवून, आणि कुणीतरी जागं असेल तरच. खड्डा खणताना वरची गवताची चकती नीट बाजूला काढून ओली ठेवा, जाताना परत बसवायची असते. लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. लाकडातून झाडं मारणारे किडे एका काउंटीतून दुसरीकडे जातात, पेनसिल्व्हेनियात २०१४ ला सापडलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाच्या किड्याचा त्रास अजून संपलेला नाही. तंबूत मेणबत्ती नको, कंदिलात बॅटरीची मेणबत्ती घाला, लांबून फरक कळत नाही.

फोन, वीज, ऑफिसचं काम?

तंबूपाशी वीज नाही. पॉवर बँक दोन न्या. नेटवर्क गर्दीत रडतं. दोन-तीन जण दरवर्षी म्हणतात की मी दुपारी लॉगिन करीन, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकतात. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, एवढंच.

लढाईत उतरता येईल का?

लगेच नाही. तलवारी वेताच्या असतात पण मार खरा बसतो, हेल्मेट निदान १६ गेज पोलादाचं लागतं, आणि आधी तुमच्या गावच्या सरावात शिकून परवानगी मिळवावी लागते. कुणाचा वार लागला हे पंच ठरवत नाही, ज्याला लागला तो स्वतः "मेलो" म्हणून पडतो, हा प्रामाणिकपणा बघण्यासारखा आहे. जंगलातली लढाई, पुलावरची, मैदानातली, असे प्रकार असतात. पहिल्या वर्षी पाणी वाटायच्या तुकडीत जा, अगदी कडेला उभं राहून सगळं दिसतं. दमलेल्या लोकांना पाण्याबरोबर खाऱ्या पाण्यातल्या काकड्या देतात, घामाने गेलेलं मीठ भरून यायला.

लढायचं नसेल तरी शेकड्यांनी क्लास असतात, सूत कातणं, शाई बनवणं, मध्ययुगीन अरबी स्वयंपाक, काय वाट्टेल ते. बहुतेकांना फी नाही किंवा सामानापुरतीच.

आईबाबा भारतातून आलेत, त्यांना नेऊ का?

चालायची सवय असेल आणि रात्री दोनदा उठून अंधारात संडासला जायची तयारी असेल तर न्या. नाहीतर जवळच्या हॉटेलात खोली घ्या आणि दिवसा आणा. पाठ टेकायची खुर्ची, टोपी, औषधं आणि इन्शुरन्सचा कागद सोबत. माझ्या सासूबाई "ही काय वेड्यांची जत्रा" म्हणत आल्या आणि विणकाम करणाऱ्या बायकांच्या तंबूत जाऊन बसल्या त्या जेवायलाच परत आल्या. लहान मुलांच्या खिशात कॅम्पचं नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

साप, किडे वगैरे?

डास आहेत, पण काळजी गोचिडांची करा. गोचीड चावून होणाऱ्या लाइम या आजाराचे पेशंट देशात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया मोजतात. गवतातून, जंगलातून आलात की रोज रात्री काखा, गुडघ्यामागे, केसांत, मुलांच्या कानांमागे बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, तेल-काडी असले घरगुती उपाय नकोत. नंतर गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरकडे.

युरोपातल्या कार्यक्रमांनाही हेच नियम का?

नाही, तिकडे बरेच कडक. इंग्लंडमध्ये ट्यूक्सबरीला १४७१ च्या लढाईचा, पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला १४१० च्या लढाईचा कार्यक्रम दर जुलैत होतो, तिथे एकच ठरावीक लढाई आणि बघायला पब्लिक. म्हणून प्रेक्षकांना दिसणाऱ्या कॅम्पात नायलॉन, प्लास्टिक, आइसबॉक्स काही चालत नाही, आधुनिक तंबूंना वेगळं मैदान. लंडनकडच्या मंडळींनी इथली यादी जशीच्या तशी वापरू नये.

निघताना काय लक्षात ठेवायचं?

तंबू ओला असताना गुंडाळावा लागला तर घरी पोचल्या पोचल्या, त्याच दिवशी, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत पसरा. दोन-तीन दिवस गाडीत तसाच राहिला की काळी बुरशी येते आणि ती कशानेही जात नाही. मेखा मोजून काढा, गवतात राहिलेली एक मेख पुढच्याच्या पायात जाते. गोधड्या आणि कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये. आणि पुढच्या वर्षीची सुट्टी ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा, जुलै-ऑगस्टला सगळ्यांनाच हवी असते.